कुत्र्यासोबत फॉस्टरच्या घरातून काय काय आणायचं

फॉस्टर म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत कुत्र्याला आपल्या घरी तात्पुरतं सांभाळणारा माणूस. फॉस्टरच्या घरात सहा आठवडे राहिलेल्या कुत्र्याबद्दल तिथल्या माणसांना काय काय ठाऊक असतं बघा. मिक्सर सुरू झाला की तो पलंगाखाली जातो. शू लागली की दाराशी जात नाही, पाण्याच्या भांड्याभोवती घिरट्या घालतो. डाव्या कानाला हात लावलेला त्याला खपत नाही, उजव्याला चालतो. घरात दुसरा कुत्रा असेल तर रात्री त्याच्या पाठीला पाठ लावूनच झोपतो. शेल्टरच्या पिंजऱ्यातून आणलेल्या कुत्र्याबरोबर यातलं काही मिळत नाही. पिंजऱ्यात मिक्सर नसतो आणि पलंगही नसतो. म्हणून फॉस्टरकडून कुत्रा आणायचा ठरवलात, तर ही सगळी माहिती खणून काढा आणि त्याच्यासोबत घरी आणा. पहिल्या महिन्यात परत गेलेल्या किंवा हरवलेल्या कुत्र्यांची आम्ही जेव्हा जेव्हा चौकशी केली, तेव्हा ही माहिती कुठेतरी अर्धवट राहिलेली होती.

कुत्रा दत्तक देणाऱ्या संस्थेकडे करायच्या अर्जाचा भाग सोपा आहे. घरात कोण कोण आहे, घर स्वतःचं की भाड्याचं, आधी कोणते प्राणी होते आणि त्यांचं काय झालं, कुत्रा दिवसातून किती तास एकटा राहील, प्रवासाला गेल्यावर कोण बघेल, असे प्रश्न असतात. यातल्या एकट्या राहण्याच्या तासांचा आकडा खरा लिहा. आठ तास असतील तर आठच लिहा. तीन लिहिलेत तर संस्था तुम्हाला तीन तासच एकटा राहू शकणारा कुत्रा सुचवेल, आणि त्याचा त्रास त्यालाच होईल. भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगी लेखी घ्या. घर बघायला कोणी आलं किंवा व्हिडिओवर घर दाखवायला सांगितलं, तर ते फर्निचर बघत नसतात. गॅलरीच्या गजांमधलं अंतर, मुख्य दार उघडल्यावर समोर जिना येतो की रस्ता, कुंपणाची उंची आणि त्याखालची फट, हे ते बघतात. गजांमधून कुत्र्याचं डोकं जात असेल तर सडपातळ कुत्रा अख्खा जाऊ शकतो. तिथे आधीच जाळी मारून घ्या.

खरं काम फॉस्टरशी बोलताना सुरू होतं. ‘कसा आहे स्वभावाने?’ असं विचारलं की ‘खूप प्रेमळ आहे’ हे उत्तर ठरलेलं. ते खोटं नसतं, पण त्यावरून काहीच ठरवता येत नाही. प्रसंग विचारा आणि त्या प्रसंगात कुत्र्याने शरीराने काय केलं ते विचारा. ‘मुलांशी चांगला आहे का?’ याऐवजी विचारा: किती वयाची मुलं होती, किती वेळा भेटली, पळत होती की बसली होती, तो जवळ गेला की लांब राहिला, तिथून निघून जायला त्याला जागा होती का? प्रत्येक उत्तराचे तीन कप्पे करा: फॉस्टरने स्वतः पाहिलेलं, रेस्क्यू करणाऱ्याकडून ऐकलेलं आणि अजून कोणीच न पाहिलेलं. तिसरा कप्पा लाजिरवाणा नाही. ‘मांजर कधी समोर आलंच नाही’ हे उत्तर ‘मांजराला काही करणार नाही’ यापेक्षा कितीतरी कामाचं आहे.

तो फॉस्टरकडे किती दिवस आहे, हेही त्याच वेळी विचारा. पहिले काही दिवस पुष्कळ कुत्रे दबून असतात. कोपऱ्यात पडून राहतात, भुंकत नाहीत, काहीही करू देतात. बघणाऱ्याला वाटतं किती गुणी आहे. पाच दिवसांच्या ओळखीवर दिलेला दाखला या दबलेल्या कुत्र्याचा असतो. दोन-तीन आठवड्यांनी अंग मोकळं झालं की भुंकणं, भांड्यावर हक्क सांगणं, दारावर उड्या मारणं हे सगळं वर येतं. चार-सहा आठवडे राहिलेल्या कुत्र्याचा दाखला म्हणूनच वजनदार.

एकटं राहण्याबद्दल सगळ्यात बारकाईने विचारा, कारण गफलत इथेच होते. फॉस्टरच्या घरात बहुधा आणखी एक-दोन कुत्रे असतात. ‘एकटा छान राहतो’ याचा अर्थ माणसांशिवाय छान राहतो, एवढाच असू शकतो. माणूस नाही आणि दुसरा कुत्राही नाही, अशा घरात तो कधी राहिलाय का? किती मिनिटं? शक्य असेल तर फॉस्टरला सांगा की बाकीचे कुत्रे घेऊन अर्धा तास बाहेर जा आणि मोबाइल खोलीत रेकॉर्डिंगवर लावून ठेवा. पहिली पाच मिनिटं कुरकुरून मग आडवा झालेला कुत्रा आणि तीसही मिनिटं धापा टाकत दारापाशी फेऱ्या मारणारा, लाळ गाळणारा कुत्रा, यांच्यासाठी पुढच्या तीन महिन्यांची तयारी पूर्ण वेगळी करावी लागते. आणखी दोन व्हिडिओ मागा. एकात तो खात असताना कोणीतरी बाजूने चालत जातंय, दुसऱ्यात फिरताना समोरून अनोळखी कुत्रा येतोय. भांड्याजवळून कोणी गेल्यावर त्याचं खाणं एकदम वेगात झालं, मान ताठ झाली किंवा तोंड भांड्यात तसंच ठेवून तो थिजला, तर तो अन्न राखणारा आहे. एवढ्यावरून नकार द्यायची गरज नसते. पण घरात रांगतं मूल असेल, तर हा कुत्रा तुमच्या घरासाठी नाही.

आता कागदपत्रं. लसीकरणाच्या कार्डावर तारीख, लसीचं स्टिकर आणि डॉक्टरची सही-शिक्का, तिन्ही हवं. पिल्लांना डिस्टेंपर-पार्व्होची (कुत्र्यांच्या दोन जीवघेण्या विषाणूजन्य आजारांची) एकत्र लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि वय 16 आठवडे किंवा थोडं जास्त होईपर्यंत दर 2 ते 4 आठवड्यांनी द्यावी लागते. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असेतो लस नीट लागू पडत नाही, आणि ती कोणत्या पिल्लात कधी ओसरते ते सांगता येत नाही, म्हणून हे डोस पुन्हा पुन्हा द्यायचे. ‘दोन डोस झालेत’ या वाक्याचा अर्थ म्हणूनच डोसच्या संख्येत नाही, शेवटचा डोस कितव्या आठवड्यात पडला त्यात आहे. रेबीजची पहिली लस साधारण 12 आठवडे पूर्ण झाल्यावर, पुढची एका वर्षाने आणि नंतर लसीच्या प्रकाराप्रमाणे एक किंवा तीन वर्षांनी. लेप्टोस्पायरोसिसच्या लसीचे पहिले दोन डोस 2 ते 4 आठवड्यांच्या अंतराने द्यावे लागतात. एकच झाला असेल तर दुसऱ्याची तारीख लिहून घ्या.

रस्त्यावरून उचललेल्या कुत्र्याला फॉस्टरकडे किमान 14 दिवस झालेले असावेत, असा आग्रह आम्ही धरतो. पार्व्होची लक्षणं बहुतेकदा संसर्गानंतर 3 ते 7 दिवसांत दिसतात, पण दोन आठवडेही लागू शकतात. तुमच्या घरात आधीचं पिल्लू पार्व्होने गेलं असेल तर हे लपवू नका. हा विषाणू घरात आणि मातीत महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे अशा घरात लसीकरण पूर्ण झालेला मोठा कुत्राच आणावा. फरशी आधी साबणाने धुऊन काढा, मग 1 भाग घरगुती ब्लीच 30 भाग पाण्यात मिसळून 10 मिनिटं ओलं राहू द्या. घाणीवरच ब्लीच ओतलं तर त्याची ताकद घाणीतच संपते.

जंताचं औषध कोणतं, कधी आणि किती वजनावर दिलं, हे विचारा. शेवटचा डोस होऊन तीन महिने झाले असतील तर तो द्यायची वेळ आलीच आहे. गुदद्वाराजवळच्या केसांत किंवा गादीवर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसत असतील तर ते टेपवर्मचे (पट्टकृमीचे). तो पिसवांतून येतो, म्हणून नुसतं जंताचं औषध पुरत नाही, पिसवाही घालवाव्या लागतात. शी सारखी पातळ होत असेल तर जिआर्डियाची (आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीची) तपासणी करा. त्याचे जंतू रोज शीमधून पडतातच असं नाही, त्यामुळे सलग तीन दिवसांचे नमुने दिलेले बरे. गोचिडांनी भरलेल्या अवस्थेत सापडलेला कुत्रा असेल तर रक्ताची पूर्ण तपासणी आणि एरलिचिया-बाबेसियाची (गोचिडांतून येणाऱ्या रक्ताच्या दोन आजारांची) चाचणी झाली आहे का, ते बघा. प्लेटलेट कमी असणं हा इशारा असतो. एरलिचियासाठी डॉक्सीसायक्लिन सुरू असेल तर तो कोर्स साधारण 28 दिवसांचा असतो. कितवा दिवस चालू आहे ते विचारा आणि उरलेल्या गोळ्या मोजून ताब्यात घ्या. कुत्रा दहाव्या दिवशीच टुणटुणीत दिसायला लागतो, नव्या घरात गोळ्या थांबतात आणि ताप परत येतो. हार्टवर्मच्या (डासांतून येणाऱ्या, हृदयात वाढणाऱ्या जंताच्या) चाचणीची एक मर्यादा लक्षात ठेवा: संसर्गानंतर ती पॉझिटिव्ह यायला सुमारे सहा महिने लागतात. आज निगेटिव्ह आलेली चाचणी सहा महिन्यांनी पुन्हा करायची.

नसबंदीचा दाखला घ्या आणि शस्त्रक्रियेची तारीख बघा. 10 ते 14 दिवस उड्या, पळापळ आणि आंघोळ बंद असते, त्यामुळे या काळात घर बदलणं टाळता आलं तर टाळा. नराची नसबंदी नुकतीच झाली असेल आणि घरात नसबंदी न झालेली मादी असेल, तर काही आठवडे दोघांना एकत्र सोडू नका. मायक्रोचिप (कातडीखालची ओळखक्रमांकाची बारीक चिप) बसवली असेल तर तिचा क्रमांक, बहुतेक ठिकाणी 15 अंकी, कागदावर आणि स्कॅनरवर एकच येतो का, हे डॉक्टरकडून तपासून घ्या. चिप खांद्यांच्या मध्ये बसवतात, पण कधीकधी ती सरकत पुढच्या पायाकडे जाते, म्हणून स्कॅनर पूर्ण अंगावरून फिरवायला सांगा. तिच्यात बॅटरी नसते आणि ती कुत्रा कुठे आहे ते सांगत नाही. नोंदणीत तुमचं नाव आणि फोन चढेपर्यंत ती तुमच्या उपयोगाची नाही.

पहिली भेट फॉस्टरच्याच घरी ठेवा. घरात गेल्यावर कुत्र्याकडे न बघता बसा, शक्यतो जमिनीवर आणि त्याच्याकडे अंग तिरकं करून. पहिली दहा मिनिटं हात पुढे करू नका. भित्रा कुत्रा जवळ येतो तेव्हा नीट बघा. मान लांब करून तो तुमची चप्पल, मग पॅन्टची कड हुंगतो, पण मागचे पाय तिथेच, मागे ढकललेले, कोणत्याही क्षणी परत फिरता येईल असे. या वेळी हात पुढे गेला की आलेलं सगळं धैर्य संपतं. त्याला हुंगून परत जाऊ द्या. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला मागचे पायही पुढे येतात. मग छातीला किंवा मानेच्या बाजूला तीन सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. तो अंग आणखी टेकवत असेल तर पुढे चला. तोंड वळवलं, जीभ नाकावरून फिरवली, जांभई दिली, डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसलं, तर पुरे. जांभई म्हणजे झोप आली, असं इथे समजू नका. शेपूट हलते आहे एवढ्यावरही जाऊ नका. कमरेपासून सैल हलणारी शेपूट वेगळी आणि ताठ शरीरावर टोकापुरती थरथरणारी वेगळी.

दुसरी भेट बाहेर, फिरायला नेऊन करा, आणि शक्य असेल तर तिसरी तुमच्या घरी, फॉस्टरला सोबत आणून. घरातल्या प्रत्येक माणसाने त्याला एकदा तरी भेटलेलं असावं. फॉस्टरच्या घरी बायकाच असतील आणि तुमच्या घरी दोन उंच पुरुष असतील, तर कुत्रा त्यांना बघून पलंगाखाली जाईल, हे आधी कळलेलं बरं. पिल्लाच्या मनात माणसांची ओळख पक्की होण्याचा काळ साधारण 3 ते 14 आठवड्यांचा असतो. त्या काळात जे दिसलं नाही त्याची भीती पुढे राहते, आणि ती कमी व्हायला महिने लागतात.

घरात आधीचा कुत्रा असेल तर दोघांची गाठ घरात घालू नका. तिसऱ्याच जागी, दोन माणसांनी दोघांना 8-10 मीटर अंतर ठेवून एकाच दिशेने चालवायचं. पट्टे सैल. समोरासमोर आणायचं नाही. पंधरा-वीस मिनिटांत दोघं एकमेकांकडे बघणं सोडून जमीन हुंगायला लागले की अंतर कमी करा. मग तीन सेकंद हुंगू द्या आणि हाक मारून पुढे निघा. घरात शिरण्याआधी जुन्या कुत्र्याची खेळणी, हाडं, भांडी उचलून ठेवा. जेवण दोन वेगळ्या खोल्यांत, दार बंद करून, आणि हे किमान पहिले तीन-चार आठवडे. मांजर असेल तर मधे जाळीचं फाटक लावा, मांजराला वर चढायला जागा ठेवा आणि कुत्रा पट्ट्यात असतानाच दोघांची भेट घाला. शिवाय एक धोका फार जणांना माहीत नसतो: कुत्र्यांच्या गोचीड-पिसवांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, आणि ते मांजराच्या जिवावर बेतू शकतं. पाठीवर टाकायचं थेंबांचं औषध आणण्याआधी डब्यावरचे घटक वाचा.

आणायच्या दिवसाआधी घरात एक कोपरा तयार ठेवा, येण्याजाण्याच्या वाटेवर नसलेला. क्रेट (कुत्र्याला झोपायचा पिंजरा) वापरणार असाल तर त्याला उभं राहता, वळता आणि पाय ताणून झोपता यावं इतका मोठा घ्या. वरून चादर टाका, दार उघडं ठेवा. फॉस्टरकडे तो क्रेटमध्ये झोपत नसेल, तर पहिल्याच रात्री तुम्ही त्याला आत कोंडू नका. मुख्य दाराच्या आत आणखी एक फाटक बसवा. दार उघडलं तरी कुत्रा आणि रस्ता यांच्यात एक अडसर राहिला पाहिजे.

फॉस्टरकडून आणायच्या वस्तू थोड्या आहेत. सध्याचं अन्न किमान दहा दिवसांचं. त्याची चादर, न धुतलेली. आणि दोन पानी कागद. त्यावर उठण्या-फिरण्या-खाण्याच्या वेळा, भांड्यात किती ग्रॅम पडतं, शी दिवसातून किती वेळा आणि कशी, कोणत्या शब्दाला तो बसतो, कोणत्या शब्दाला येतो, खाली उतरवायला काय म्हणतात, कशाला घाबरतो आणि घाबरल्यावर कशाने शांत होतो, हे लिहून घ्या. शब्द अगदी तसेच हवेत. फॉस्टर ‘चल’ म्हणत असेल आणि तुम्ही ‘कम’ म्हणालात तर तो उद्धट नाहीये, त्याला तो शब्दच ठाऊक नाही. नाव बदलायचं असेल तर पहिले दोन आठवडे जुनंच ठेवा. मग नवं नाव आधी आणि लगेच जुनं, असं जोडून काही दिवस म्हणा.

आता निघण्याचा क्षण. पूर्ण प्रक्रियेत सगळ्यात जास्त चुकतं ते दारापासून गाडीपर्यंतच्या वीस पावलांत. घाबरलेला कुत्रा पुढे ओढत नाही, मागे जातो. तो ढुंगणावर बसल्यासारखा मागे रेलतो, डोकं खाली घालतो, कोपरं पोटाकडे दुमडतो आणि साधा हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा) अंगरख्यासारखा डोक्यावरून सरकून निघतो. दोरी हातात, हार्नेस जमिनीवर, कुत्रा गायब. म्हणून भित्र्या कुत्र्याला तीन पट्ट्यांचा हार्नेस घ्या. त्याचा तिसरा पट्टा बरगड्यांच्या मागे, कमरेच्या निमुळत्या भागावर बसतो, आणि छातीचा रुंद भाग त्यातून मागे सरकत नाही. माप आधीच मागवा: पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर, मानेचा घेर आणि कमरेचा घेर. पट्टा आणि अंग यांत दोन बोटं जावीत, जास्त नाही. गळ्यात वेगळा मार्टिंगेल पट्टा (ओढल्यावर थोडा आवळणारा, म्हणून डोक्यावरून न निघणारा), त्यावर तुमचा फोन नंबर असलेला बिल्ला, आणि तो बिल्ला फॉस्टरच्या घरातच अडकवलेला. दोन दोऱ्या: एक हार्नेसला, एक गळ्यातल्या पट्ट्याला. आपोआप गुंडाळली जाणारी दोरी मुळीच नको. तिची जड मूठ हातातून सुटली की खडखडत कुत्र्याच्या मागे येते, आणि तो तिच्यापासून जीव घेऊन पळतो.

हार्नेस फॉस्टरने चढवावा आणि घालून दहा मिनिटं घरातच फिरवावं. प्रवासाआधी दोन-तीन तास खाणं नको, उलटी होते. गाडीत क्रेट किंवा सीटला अडकवलेला हार्नेस. शेजारी माणूस, खिडक्या बंद. पोचल्यावर गाडीचं दार उघडण्याआधी दोन्ही दोऱ्या हातात गुंडाळलेल्या हव्यात. घरात शिरण्याआधी बाहेर पाच-दहा मिनिटं त्याला शू करायला वेळ द्या. मग आत, एका खोलीत, दोरी लावलेल्या अवस्थेतच. बाकीचं घर उद्या दाखवता येईल.

पहिले तीन दिवस काहीही करू नका, हाच आमचा सल्ला. आंघोळ नको, पाहुणे नकोत, नवी खेळणी, नवा रस्ता, बाग, बाजार काही नको. डॉक्टरची भेट, तब्येत ठीक असेल तर, आठवडाभराने. पलंगाखाली गेला तर ओढून काढू नका. पाणी जवळ सरकवा आणि त्याच खोलीत तुमचं काम करत बसा. रात्री त्याला वेगळ्या खोलीत बंद करू नका, त्याला तुमचा श्वास ऐकू येईल इतक्या अंतरावर गादी ठेवा. मोठा कुत्रा दिवसाचे 12 ते 14 तास झोपतो आणि घर बदलल्यावर आधी झोप उडते. ती परत येईपर्यंत शिकवायला जाऊ नका. तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने हा आडाखा रेस्क्यूवाले सांगतात: तीन दिवसांत धक्का ओसरतो, तीन आठवड्यांत दिनक्रम कळतो, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. आडाखा आहे, प्रत्येक कुत्रा त्यात बसत नाही.

पहिला दिवस न खाता जाणं, शू बराच वेळ धरून ठेवणं, हे मोठ्या कुत्र्यात नेहमी दिसतं. 24 तास शू झालीच नाही, दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, उलटी-जुलाब सुरू झाले, शीमध्ये रक्त दिसलं, तर डॉक्टरकडे जा. पिल्लू असेल तर एवढं थांबूच नका. लहान पिल्लाने अर्धा दिवस खाल्लं नाही आणि ते सुस्त झालं, तर त्याची साखर झपाट्याने उतरते. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असतं. माणसाच्या हिशोबाने तो ताप वाटतो, म्हणून आकडा लक्षात असू द्या. झोपेत श्वास मिनिटाला 30 च्या आत हवा. माणसांसाठीची पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कधीही देऊ नका.

अन्न बदलायचंच असेल तर पहिला आठवडा जुनंच ठेवा. मग दोन-तीन दिवस तीन भाग जुनं, एक भाग नवं. पुढचे दोन-तीन दिवस अर्धं-अर्धं. मग एक भाग जुनं, तीन भाग नवं. सात ते दहा दिवसांत बदल पुरा होतो. शी पातळ झाली की मागच्या पायरीवर या.

घरात शू झाली तर ओरडू नका. तो तुमच्यासमोर शू करायचीच नाही एवढं शिकतो, आणि मग बाहेर पट्ट्यातही करत नाही. फॉस्टरकडे बाहेर जाणारा कुत्रा तुमच्या घरात आत करतो, कारण इथलं दार कुठे आहे आणि कोणाला सांगायचं हे त्याला माहीत नाही. फॉस्टरच्याच वेळा पाळा: उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर आणि झोपण्याआधी. पुसायला एन्झाइमचा, म्हणजे शूचा वास मुळातून घालवणारा, क्लीनर वापरा. अमोनियाच्या वासाच्या द्रावणाने पुसलं तर तीच जागा त्याला ओळखीची वाटते.

एकटं राहण्याचा सराव पहिल्या आठवड्यापासून, पण सेकंदांनी. दार लावून बाहेर उभं राहायचं, दहा सेकंदांत आत, काही न बोलता. मग तीस सेकंद, दोन मिनिटं, पाच. मधेच पुन्हा वीस सेकंद, म्हणजे प्रत्येक वेळ आधीपेक्षा लांबच जाते असं त्याला वाटणार नाही. मोबाइलवर बघत राहा. तो उठून दाराशी आला आणि धापा टाकू लागला की वेळ फार झाली. सुट्टी काढून दहा दिवस चोवीस तास जवळ बसणं आणि अकराव्या दिवशी नऊ तास गायब होणं, यातून दारं कुरतडली जातात.

गुरगुरण्यावर रागावू नका. तो इशारा आहे, आणि तो बंद केलात तर पुढच्या वेळी इशाऱ्याशिवाय दात लागतील. भांडं राखत असेल तर हात घालून ‘सवय’ लावायला जाऊ नका. दोन मीटरवरून जाताना त्याच्या जेवणापेक्षा चांगलं काहीतरी, उकडलेल्या चिकनचा एक तुकडा, भांड्याकडे टाका आणि चालत राहा. माणूस जवळ आला की काहीतरी येतं, जात नाही, हे त्याला कळू द्या. अंतर आठवड्याला थोडंसं कमी करा. घरातल्या मुलांना दोन नियम: तो खाताना आणि झोपलेला असताना हात लावायचा नाही.

चाचणीचा काळ, बहुधा दोन आठवड्यांचा, देऊ केला तर घ्या. आणि दुसऱ्या, सातव्या, एकविसाव्या दिवशी फॉस्टरला फोन करा. तिसऱ्या आठवड्यात अचानक भुंकायला लागलेला कुत्रा तिच्याकडेही त्याच सुमारास भुंकायला लागला होता, हे तीच सांगू शकते. करारात एक कलम जवळपास नेहमी असतं: जमलं नाही तर कुत्रा संस्थेकडेच परत द्यायचा, दुसऱ्या कोणाला नाही. ते मनापासून पाळा. सही झाली की चिपच्या नोंदणीत आणि जिथे परवाना लागतो तिथे, दोन्हीकडे त्याच आठवड्यात नाव बदला.

आणि सुटलाच तर धावू नका, घोळका करून हाका मारू नका. घाबरलेला कुत्रा पाठलाग ओळखतो, माणूस ओळखत नाही. दिसत असेल तर जमिनीवर बसा, पाठ वळवा, खाऊ जमिनीवर पसरा. दिसत नसेल तर शेवटचं दिसला त्या जागी पाणी आणि त्याची चादर ठेवा आणि पहिला फोन फॉस्टरला करा. पहिल्या काही आठवड्यांत तो तुमच्या हाकेला येणार नाही, तिच्या हाकेला येईल. याचसाठी कुत्रा आणतानाच तिचा एक वापरलेला, न धुतलेला टी-शर्ट मागून घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दाराजवळ ठेवा आणि तीन महिने उघडू नका. लागला तर चादरीशेजारी तो पसरायचा. लागला नाही, आणि कुत्रा गर्दीच्या जागीही तुमच्या एका हाकेवर वळून यायला लागला, की धुऊन परत द्या.